डॉट ऑनलाइनचा ईमेल कुठं चालतो, कुठं अडतो: वडगावातून केलेली तपासणी

डॉट कॉम सोडून दुसरं एक्स्टेंशन, म्हणजे ॲड्रेसच्या शेवटच्या टिंबानंतरचं नाव, घेतलं तर ईमेल चालतो का, असं मला हल्ली बेळगावातल्या वडगाव, खासबाग, शहापूर इकडचे बरेच धंदेवाले विचारतात, आणि प्रत्येकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा सगळं एकदाच नीट लिहून ठेवते. आधी उत्तर देते. ॲड्रेस चालतो, मेल जातो, मेल येतो, त्यात काही कमी नाही. अडतं ते समोरच्या साइटच्या फॉर्मवर, आणि तिथं चूक साइटची असते, तुमच्या ॲड्रेसची नाही. हे मी नुसतं ऐकून सांगत नाही, आम्ही वापरतो त्या साइटवर एकेक करून तपासून बघितलंय.

आमच्या दादाचे माग आहेत, साड्यांचा धंदा, आणि त्याचं बिलिंग, ऑर्डरी, ऑनलाइनचं जे काय आहे ते मी बघते. गिऱ्हाईक कोल्हापूर, गोवा, हुबळी असं पसरलेलं. दुकानाच्या नावाचा डॉट कॉम कुणीतरी कधीचा घेऊन ठेवलेला होता आणि तो डॉलरमध्ये भाव सांगत होता, डॉट इन पण गेलेला, मग डॉट ऑनलाइन मिळाला तो घेतला. त्यात काही विचित्र केलं असं नाही बघा. डॉट कॉम १९८५ पासून आहे, पण आयकॅन म्हणून जी संस्था ही नावं बघते तिनं २०१२ मध्ये नव्या एक्स्टेंशनसाठी अर्ज मागवले तेव्हा १९३० अर्ज आले आणि २०१३ च्या शेवटापासून ती नावं चालू व्हायला लागली, आता हजाराच्या वर आहेत. डॉट ऑनलाइन २०१५ मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला. तो चालवणारी रेडिक्स कंपनी भाविन तुरखियांनी सुरू केलेली, म्हणजे आपल्याच माणसाची. डॉट स्टोअर, डॉट टेक पण त्यांचेच. इतकी वर्षं झाली तरी आपल्याच देशातल्या साइट त्याला खोटा ॲड्रेस म्हणतात, याचा मला खरंच राग येतो.

पहिला नकार एका कुरियरच्या साइटवर मिळाला. धंद्याचं खातं उघडायचं होतं, सगळं भरलं, आणि ईमेलच्या बॉक्सखाली लाल अक्षरात आलं की योग्य ईमेल टाका. दादा म्हणाला, "जाऊ दे गं, माझा जीमेल घाल आणि मोकळी हो." एका साइटपुरतं ते ठीक आहे हो, पण कुरियरला जीमेल, बँकेला जीमेल, सूतवाल्याला जीमेल असं करत गेलं की मग दुकानाच्या नावाचा ॲड्रेस घेतला कशाला? बोर्डावर एक, बिलावर एक आणि खात्यात तिसराच. उद्या काही वाद झाला, पासवर्ड विसरला, तर मेल कुठं जाणार ते कुणाला लक्षात राहणार. म्हणून मी ठरवलं की कुठं अडतंय आणि का अडतंय ते शोधायचंच.

तपासायच्या आधी आपलं घर ठीक पाहिजे, नाहीतर दोष कुणाचा ते कळतच नाही. डोमेनच्या, म्हणजे ॲटनंतरच्या नावाच्या, सेटिंगमध्ये एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठल्या सर्व्हरवर यायचा ते सांगणारी नोंद) बरोबर आहे का, एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच आपल्याच डोमेनवरनं गेलाय हे समोरच्याला पटवणाऱ्या नोंदी) हे तिन्ही लावलेत का, ते बघून घेतलं. मग जीमेलवरनं दुकानाच्या ॲड्रेसला आणि दुकानाच्या ॲड्रेसवरनं जीमेलला असं दोन्हीकडनं मेल पाठवून बघितले, इनबॉक्समध्ये पडतात का स्पॅममध्ये ते पण बघितलं. मग मेलबॉक्सला कॅच-ऑल लावलं, म्हणजे ॲटच्या आधी काहीही लिहिलं तरी मेल आपल्याकडंच येतो. याचा फायदा असा की प्रत्येक साइटला त्या साइटच्या नावाचा वेगळा ॲड्रेस देता येतो आणि कुठल्या साइटचा मेल आला, कुठल्याचा आलाच नाही हे लगेच दिसतं.

ॲड्रेस एकाच प्रकारचा घेऊन भागत नाही. मी पाच प्रकार ठेवले. एक आमचा जुना, वेगळ्या नावाचा डॉट इनचा, जो सगळीकडं चालतो हे माहीत आहे, कारण फॉर्म दुसऱ्याच कशावर तरी अडत असला तर ते याच्यावरनं कळतं. दुसरा डॉट एक्सवायझेडचा, नवा पण तीनच अक्षरांचा. तिसरा आमचा डॉट ऑनलाइन, इंग्रजीत सहा अक्षरं. चौथा ॲटच्या आधी इंग्रजी आणि पुढं सगळं देवनागरी, शेवटी डॉट भारत. आणि पाचवा पूर्ण देवनागरीत, आधीपासून शेवटपर्यंत. डॉट भारत २०१४ च्या ऑगस्टमध्ये आला, तो निक्सी, म्हणजे डॉट इन बघणारी संस्था, तीच बघते, आणि देवनागरीतला डॉट भारत मराठी, हिंदी, कोंकणी अशा भाषांसाठी एकच आहे. कन्नड लिपीतला डॉट भारत वेगळा आहे. आमच्या भागात दोन्ही लागतात, त्याबद्दल पुढं लिहिते.

एक गोष्ट मी पाळली आणि तुम्ही पण पाळा. जिथं खरंच खातं पाहिजे होतं किंवा आधीच होतं तिथंच बघितलं. उगीच कुठल्याही साइटवर खोटी खाती काढायची नाहीत, आणि दुसऱ्याच्या डोमेनचा ॲड्रेस तर अजिबात टाकायचा नाही, कारण तो मेल कुणाच्या तरी खऱ्या माणसाकडं जाऊन पडू शकतो.

वहीत कॉलम आखले. या विषयावर काम करणारे लोक, म्हणजे युनिव्हर्सल ॲक्सेप्टन्स म्हणून जी मोहीम आहे ती मंडळी, पाच गोष्टी बघायला सांगतात: साइट ॲड्रेस घेते का, बरोबर तपासते का, साठवते का, पुढं वापरते का, आणि परत दाखवताना नीट दाखवते का. मला आधी वाटायचं की पहिल्या दोन झाल्या की झालं. तसं नाहीये. खरा त्रास तिसऱ्या-चौथ्यात निघाला.

आता काय काय दिसलं ते सांगते.

सगळ्यात जास्त वेळा दिसलेला प्रकार म्हणजे डॉट इन चालतो, एक्सवायझेड चालतो आणि ऑनलाइन अडतो. असं झालं की समजायचं की अक्षरं मोजतायत. पेजवर राइट क्लिक करून सोर्स उघडला तर बऱ्याच ठिकाणी तो नियम डोळ्यांनी दिसतो, त्यासाठी प्रोग्रॅमर असायची गरज नाही. लिहिलेलं असतं की शेवटच्या टिंबानंतर ए ते झेड, कमीत कमी दोन, जास्तीत जास्त चार अक्षरं. कॉम, नेट, ऑर्ग, इन बसतात, इन्फो कसाबसा बसतो, ऑनलाइन बसत नाही. कुणीतरी कधीकाळी लिहिलेली ती ओळ एका प्रोजेक्टमधनं दुसऱ्यात कॉपी होत आली आणि कुणी परत उघडून बघितली नाही. लोक म्हणतात की जुन्या काळात ते बरोबर होतं, आता नवी नावं आली म्हणून चुकतंय. मला ते पटत नाही, कारण डॉट म्युझियम २००१ मध्येच चालू झालाय आणि तो इंग्रजीत सहा अक्षरांचा आहे. म्हणजे चार अक्षरांचा नियम २००१ पासूनच चूक आहे. नियमाप्रमाणं एक्स्टेंशन त्रेसष्ट अक्षरांपर्यंत जाऊ शकतं. काही साइटवर तो आकडा चारचा सहा केलेला दिसला, तिथं ऑनलाइन चालतो, पण उद्या कुणी फोटोग्राफरनं डॉट फोटोग्राफी घेतला तर तो परत बाहेर.

दुसरा प्रकार म्हणजे डॉट इन चालतो, पण एक्सवायझेड आणि ऑनलाइन दोन्ही अडतात. तिथं अक्षरांचा प्रश्न नसतो, तिथं साइटनं एक यादीच ठेवलेली असते आणि यादीत नसेल तो बाहेर. यादी ठेवायला माझी हरकत नाही, आयाना म्हणून जी संस्था आहे ती सगळ्या चालू एक्स्टेंशनची यादी फुकट देते आणि ती सतत ताजी होत असते, पण यांनी एकदा उतरवून घेतली आणि तीच वर्षानुवर्षं चालवली. आणि आयकॅननं नव्या एक्स्टेंशनच्या अर्जांची पुढची फेरी २०२६ साठी ठरवलीय, म्हणजे या याद्या अजून शिळ्या होणार.

याच्यावरनं आठवलं, यादीचा हा आजार आम्हा बेळगाववाल्यांना चांगला माहीत आहे. १ नोव्हेंबर २०१४ ला कर्नाटकातल्या बारा शहरांची नावं बदलली, बेळगावचं बेळगावी झालं, आणि आजपण कितीतरी फॉर्ममध्ये शहराच्या यादीत एकच नाव असतं, काहीत दोन्ही असतात, पिनकोड टाकला की एक नाव येतं आणि आधारवरचं दुसरं असतं, मग पत्ता जुळत नाही म्हणून अर्ज परत. यादी करणाऱ्यानं एकदा केली आणि विसरला, भोगायचं आपण.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. फॉर्म ॲड्रेस घेतो, हिरवी टिक येते, "तुमच्या ईमेलवर लिंक पाठवली आहे" असं लिहून येतं, आणि मेल येतच नाही. स्पॅममध्ये नाही, कुठंच नाही. डॉट इनवर त्याच साइटचा मेल मिनिटात येतो. म्हणजे पुढची बाजू दुरुस्त केलेली आहे पण आत मेल पाठवणारी जी सिस्टीम आहे तिच्यात जुना नियम तसाच बसलाय आणि ती गुपचूप टाकून देते. फॉर्मनं तोंडावर नकार दिला तर निदान कळतं तरी, यात माणूस तासभर इनबॉक्स रिफ्रेश करत बसतो आणि आपलंच काहीतरी बिघडलंय असं समजतो.

याच्यातलेच भाऊबंद म्हणजे वेबसाइट घेते पण त्याच कंपनीचं ॲप घेत नाही. खातं उघडता येतं पण नंतर प्रोफाइलमध्ये मोबाइल नंबर बदलायला गेलं की सेव्ह होत नाही, कारण सेव्ह करताना ईमेल परत तपासतात आणि तो नियम वेगळा. एका होलसेलच्या साइटवर ऑर्डर शेवटपर्यंत गेली आणि पैसे भरायच्या पानावर अडली, कारण साइट तुमचा ईमेल पेमेंटवाल्याकडं पाठवते आणि तपासणी त्या पेमेंटवाल्याची वेगळीच. एररपण ईमेलचा येत नाही, नुसतं "काहीतरी चुकलं" येतं. म्हणून सांगते, नुसता साइनअप करून चालतंय म्हणू नका. लॉगआउट करा, परत लॉगिन करा, पासवर्ड विसरलो म्हणून बघा, प्रोफाइल सेव्ह करा, बिल मागवा, ॲपमध्ये पण तेच करा.

माणसांचं पण सांगायला पाहिजे. खानापूरच्या स्टँडजवळ एका सेंटरवर मावशीचा एक अर्ज भरायला गेले होते, तिथला पोरगा चांगला होता, मी सांगेन तसं टाइप करत होता, डॉट ऑनलाइन झाल्यावर थांबला आणि म्हणाला, "अक्का, पुढं डॉट कॉम ना?" मी नाही म्हटलं, तरी त्याला पटेना. शेवटी त्यानं तसंच दाबलं आणि पोर्टलनं घेतलं नाही, तेव्हा शेजारच्या खुर्चीवरनं दुसरा म्हणाला, "तगोळ्ळल्ला री अदु." घेतच नाही ते. त्यांना अनुभवानं माहीत झालेलं होतं की असले ॲड्रेस पोर्टल घेत नाही, म्हणून ते स्वतःच्या मनानं लोकांसाठी नवीन जीमेल काढून देतात, पासवर्ड कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून देतात, आणि ते चिटोरं हरवलं की त्या माणसाचं खातं कायमचं गेलं. फॉर्ममधल्या एका ओळीमुळं हे होतं हे लक्षात घ्या. फोनवर पण तसंच, कस्टमर केअरवाले ऐकल्या ऐकल्या पुढं डॉट कॉम लावतात. आता मी ॲड्रेस तोंडी सांगतच नाही, मेसेजवर टाइप करून पाठवते आणि त्यांच्याकडनं परत टाइप करून मागवते.

आता देवनागरीचं. हे जरा लांब होईल, पण माझ्या जिवाभावाचं हेच आहे.

इंटरनेटवर नावं शोधायचं जे मूळ यंत्र आहे, डीएनएस, त्याला इंग्रजी अक्षरंच कळतात, म्हणून देवनागरी डोमेन आतमध्ये एका सांकेतिक रूपात जातं, त्याला प्युनीकोड म्हणतात, हा नियम २००३ चा. डॉट भारतचं ते रूप एक्सएन, दोन डॅश आणि पुढं एच२बीआरजे९सी असं काहीतरी दिसतं. आपण भारत टाइप करायचं, मशीननं ते रूप वापरायचं, आणि आपल्याला परत भारतच दाखवायचं. ॲटच्या आधीच्या भागाला मात्र ही सोय नाही, तिथं देवनागरी असेल तर मेल पाठवणारा आणि घेणारा दोन्ही सर्व्हर त्यासाठी तयार लागतात. त्याचे नियम २०१२ मध्येच ठरलेत. जीमेलनं २०१४ मध्ये अशा ॲड्रेसला मेल पाठवायची आणि त्यांच्याकडनं घ्यायची सोय केली, मायक्रोसॉफ्टनं २०१८ मध्ये आपल्या भाषांसाठी केली, पोस्टफिक्स म्हणून जो मेल सर्व्हर कितीतरी लोक फुकट वापरतात त्यात २०१५ पासून आहे. म्हणजे रस्ता तयार आहे. मी स्वतः पूर्ण देवनागरी ॲड्रेसवरनं जीमेलला मेल पाठवला, उत्तर परत आलं, सगळं मराठीत, आणि खरं सांगते, फार बरं वाटलं.

फॉर्मवर मात्र दाणादाण. पूर्ण देवनागरी ॲड्रेस बहुतेक सगळीकडं नाकारला गेला, आणि पुष्कळदा तर साइटपर्यंत पोचलाच नाही, ब्राउझरची स्वतःची ईमेल तपासणी असते तीच ॲटच्या आधी देवनागरी बघितली की थांबवते. चौथ्या प्रकाराचं, म्हणजे आधी इंग्रजी आणि पुढं डॉट भारत, त्याचं जास्त गुंतागुंतीचं निघालं. काही साइटवर गेला की! मी खूश. मग ॲपमध्ये लॉगिन करायला गेले तर असं खातंच नाही म्हणाला. पुष्कळ डोकं लावल्यावर कळलं की वेबसाइटवर टाइप करताना ब्राउझरनं गुपचूप देवनागरीचं एक्सएनवालं रूप करून पाठवलं, साइटनं तेच साठवलं, आणि ॲपनं मात्र मी टाइप केलेली देवनागरी जशीच्या तशी शोधली. दोन्ही एकच ॲड्रेस, पण कंप्युटरला वेगळे वाटले. एक्सएनवालं रूप टाइप केल्यावर लॉगिन झालं. आता सांगा, सामान्य माणसानं ते कुठनं शोधून काढायचं? आणि एका ठिकाणी बिलावर आमच्या ईमेलच्या जागी ते एक्सएनचं लांबलचक छापून आलं, गिऱ्हाईक बघून काय म्हणेल!

मग एक चांगली गोष्ट घडली. आमची एक पतसंस्था आहे, तिचं मेंबरांचं पोर्टल टिळकवाडीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसनं केलंय, आणि डॉट ऑनलाइन तिथं पण अडत होता. संस्थेतनं त्यांचा पत्ता घेतला आणि वही घेऊन सरळ गेले. तिथं एक मुलगी हे काम बघते, तिनं दहा मिनिटं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, हा कोड आम्हाला आधीच्या माणसाकडनं आला, आम्ही कधी उघडूनच बघितला नाही." दोन ते चारचा नियम होता तो काढला. फॉर्मनं घेतला. मेल आला नाही! मग तिनं आतलं लॉग बघितलं, तर मेल पाठवायला जे तयार पॅकेज लावलेलं होतं ते जुनं, त्याच्यात वेगळा नियम. ते अपडेट केल्यावर मेल आला. वर सांगितलेला तिसरा प्रकार बरोबर हाच.

मग तिलाच उत्साह आला, म्हणाली देवनागरी पण करू. तिनं ए ते झेडच्या जागी "कुठल्याही भाषेचं अक्षर" असा नियम लावला, तशी सोय कोडमध्ये असते. आणि मजा बघा, कमल नावाचा ॲड्रेस गेला आणि कमला अडला. भारत तर अडलाच. आम्ही दोघी बघतच राहिलो. कारण असं निघालं की कंप्युटरच्या हिशोबात काना, मात्रा, वेलांटी, उकार, हलंत, अनुस्वार ही अक्षरं नाहीतच, ती अक्षराला जोडायच्या खुणांच्या वेगळ्या गटात धरलेली आहेत. कमलमध्ये खूण नाही म्हणून गेलं, कमलामध्ये काना आहे म्हणून अडलं. युरोपातल्या भाषा डोळ्यासमोर ठेवून नियम लिहिला की असं होतं. त्यांचं त्यानं भागतं, आपलं एक वाक्य भागत नाही. तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलानं कन्नडमध्ये स्वतःचं नाव टाकून बघितलं, ते पण त्याच कारणानं अडलं, कन्नडमध्ये पण मात्रा आणि जोडाक्षरं तशीच. आमच्याकडं भाषेवरनं काय काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे, पण त्या टेबलावर मराठीचं आणि कन्नडचं दुखणं एकच होतं आणि औषध पण एकच.

तिनं खुणांचा गट जोडला, दोन्ही गेले. मग परत ऱ्हचं, म्हणजे कुऱ्हाड, गुऱ्हाळ यातल्या अर्ध्या र चं निघालं, कारण तो दोन पद्धतीनं साठवता येतो, एकदा एकच चिन्ह म्हणून आणि एकदा र आणि खाली नुक्ता म्हणून, दिसायला सारखा आणि आत वेगळा. साठवायच्या आधी सगळं एकाच पद्धतीत बदलून घ्यायचं, त्याला पण ठरलेली रीत आहे, तिनं ती लावली. डोमेन पण एकाच रूपात साठवायचं आणि शोधताना त्याच रूपात शोधायचं, म्हणजे माझा तो लॉगिनचा घोळ होत नाही.

हे सगळं झाल्यावर ती जे म्हणाली ते मी आता प्रत्येक साइटवाल्याला सांगते: अक्षरं तपासत बसायचंच कशाला? एक ॲट आहे का, त्याच्या आधी काहीतरी आहे का, नंतर डोमेन आहे का, एवढं बघा आणि कन्फर्म करायचा मेल पाठवा. मेल पोचला आणि माणसानं लिंक दाबली म्हणजे ॲड्रेस खरा. नाहीतर आज चार अक्षरांच्या नियमात माझा खरा ॲड्रेस बाहेर राहतो आणि कुणीही काहीही डॉट कॉम खोटं टाकलं तरी आत जातं. डोमेन खरंच आहे का बघायचं असेल तर डीएनएसमध्ये विचारता येतं, शिळी यादी लागत नाही.

धंदेवाल्यांनी विचारलेल्या दोन गोष्टी राहिल्या. एक म्हणजे स्पॅम. काही नवी एक्स्टेंशनं पहिल्या वर्षी फार स्वस्त मिळतात म्हणून फसवणारे लोक ती ढिगानं घेतात, आणि त्यामुळं काही ठिकाणी त्या एक्स्टेंशनकडं संशयानं बघतात. हा फॉर्मच्या नकारापेक्षा वेगळा विषय आहे, त्यावर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क नीट लावणं आणि एकदम शेकडो मेल न सोडणं हाच उपाय. दुसरं, पहिल्या वर्षाचा भाव बघून भुलू नका, रिन्यूअलचा भाव आधी बघा, तो कितीतरी पट असू शकतो. आणि डॉट शॉप घेऊ का डॉट ऑनलाइन असं विचाराल तर खरं आहे की शॉप इंग्रजीत चारच अक्षरांचा म्हणून जास्त फॉर्ममधनं पार होतो. पण त्या चुकीच्या नियमाला घाबरून आपल्या दुकानाचं नाव ठरवावं असं मला वाटत नाही.

तक्रार कशी करायची ते महत्त्वाचं. "तुमची साइट चालत नाही" असं लिहिलं की "दुसरा ईमेल वापरून बघा" एवढंच उत्तर येतं, मला ते कितीतरी वेळा आलंय. मी आता असं लिहिते: कुठलं पान, कुठला बॉक्स, मी टाकलेला ॲड्रेस काय, एरर जशीच्या तशी, स्क्रीनशॉट, ब्राउझर का ॲप. मग लिहिते की हाच ॲड्रेस मेल घेतो आणि पाठवतो, डॉट इनचा ॲड्रेस याच पानावर चालतो, म्हणजे अडचण एक्स्टेंशनच्या तपासणीत आहे, तुमच्या कोडमध्ये शेवटच्या टिंबानंतर चारच अक्षरांची मर्यादा आहे ती काढा. आणि शेवटी, हे तुमच्या सॉफ्टवेअरच्या माणसापर्यंत पोचवा. हा शेवटचा मुद्दा लिहिलाच पाहिजे, कारण पहिलं उत्तर देणाऱ्याच्या हातात काही नसतं. जमलं तर सोर्समधली ती ओळच कॉपी करून जोडायची, प्रोग्रॅमरला बघितल्या बघितल्या समजते. इंग्रजीत लिहिते आणि खाली मराठीत पण, आणि ऑफिस बेंगळूरूचं असलं तर त्या सॉफ्टवेअरवाल्या मुलीलाच सांगून कन्नडमध्ये करून घेते.

काहींनी दुरुस्त केलं. सूत देणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या साइटवर तक्रारीनंतर डॉट ऑनलाइन चालायला लागला, मला कुणी कळवलं नाही, मीच परत जाऊन बघितलं. पतसंस्थेच्या पोर्टलवर तर आता पाचही प्रकार चालतात, पूर्ण देवनागरी पण, कारण त्या मुलीनं ब्राउझरची ती तपासणी बंद करून स्वतःची लावलीय. संस्थेचे एक जुने सभासद, मास्तर होते, त्यांनी आपला ॲड्रेस मराठीत करून घेतला आणि पासबुकावर तो मराठीत छापून आणला.

कुरियरवाल्यांनी अजून केलेलं नाही. त्यांची तक्रार "सोडवली" म्हणून बंद करतात, मी परत उघडते आणि तीच ओळ परत जोडते. दादाचं तिथलं खातं जुन्या डॉट इनवर चाललंय, आणि त्यांची नवी साइट येणार आहे असं पिकअपला येणारा मुलगा म्हणाला, ती आली की पाचही ॲड्रेस घेऊन परत पहिल्यापासून बघणार आहे.